विमा कुणाच्या मागे जातो

३ मार्च

वन्सं,

नमस्कार. आधीच सांगते, मला काही झालेलं नाही. गाडीला झालंय. तेव्हा पुढचं वाचताना छातीवर हात ठेवू नका.

परवा मी सोफेवाल्याच्या दुकानात मशीन उघडून बसले होते आणि गाडी बाहेर उभी होती. सामान वाहणारा एक ट्रक मागे घेताना आपल्या गाडीचं मागचं दार आणि त्याच्या बाजूचा पत्रा चेपून गेला. ड्रायव्हर भला माणूस. पळाला नाही. उलट मलाच विचारतो, "बाई, घरी कोणी ओरडेल का हो तुम्हाला?" म्हटलं, "ओरडणारं कोणी नाही, पण तुमच्या मालकाचा पत्ता लिहून द्या."

गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, दार बाहेरून मागवावं लागेल, तीन-चार आठवडे धरा. तोवर चालवायला त्याने एक पिवळी छोटी गाडी दिली आहे. बदली गाडी म्हणतात तिला. सोबत सहा पानं दिली. "सही करा ताई, हे कोणी वाचत नाही," म्हणाला. मी म्हटलं, "कोणी वाचू नये म्हणूनच एवढं बारीक छापतात." चौथीत माझी शाळा सुटली पण वाचन सुटलं नाही, हे त्याला काय माहीत! बाकावर बसून सगळं वाचलं. तेवढ्यात त्याचा दोनदा चहा झाला.

चौथ्या पानावर लिहिलंय, या गाडीचा विमा नेणाऱ्याने आपल्या स्वतःच्या पॉलिसीतून करायचा. आता माझी शंका अशी. आपली पॉलिसी आपल्या गाडीची. आपली गाडी तर तिथे दार काढून टांगलेली. मग विमा तिच्याबरोबर वर लटकत राहतो, की उतरून माझ्याबरोबर पिवळीत येऊन बसतो? का एका पांघरुणात दोन्ही मावतात? मुळात विमा गाडीच्या मागे जातो की माणसाच्या?

तुम्ही एकतीस वर्षं विमा कचेरीत क्लेमच्या टेबलावर काढलीत, म्हणून विचारते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, तेव्हा लिहूनच कळवा. गाडीवाचून माझं किती अडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हे गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून शिलाई मशीन दुरुस्तीची ह्यांची फेरी मीच करते. हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत सहा मशीन, गणवेशाच्या कारखान्यात अठरा. मशीनचं मुंडकं उचलून बसमध्ये चढता येत नाही. फेरी थांबली तर गिऱ्हाईक महिनाभर वाट बघेल, मग दुसरा माणूस बघेल.

तुमची,
धाकटी


७ मार्च

धाकटे,

छातीवर हात ठेवलाच होता. असं पत्र सुरू करायचं नसतं.

तुझी शंका चांगली आहे. कचेरीत नवे लोक यायचे, त्यांना मी हाच प्रश्न पहिल्या दिवशी घालायची आणि निम्मे चुकायचे. विमा गाडीच्याही मागे जात नाही आणि माणसाच्याही. तो कागदाच्या मागे जातो. कागदावर जी गाडी, जो माणूस, जे काम लिहिलंय, तेवढ्यापुरताच.

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांना वाटायचं, आपला विमा सावलीसारखा आपल्याबरोबर हिंडतो. मेव्हण्याचा टेम्पो घेऊन निघाले ते थेट केस कापण्याच्या दुकानात शिरले. गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन पळालं. हे गृहस्थ माझ्या टेबलावर आपल्या स्वतःच्या गाडीची पॉलिसी आपटून म्हणतात, "भरा!" मी म्हटलं, "यात टेम्पो कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा." बोट फिरत राहिलं बिचारं.

काही गॅरेजवाले बदली गाडीचा विमा आपणच उतरवतात. तुझा नाही उतरवत, हे तू वाचलंस म्हणून कळलं. शाबास. आता तुझ्या विमा कचेरीला फोन कर. बदली गाडीचा नंबर सांग, कधीपासून कधीपर्यंत ते सांग, आणि गाडीतून धंद्याची हत्यारं नेतेस तेही सांग, लपवू नकोस. ते तुझ्या पॉलिसीत ती गाडी तात्पुरती जोडून देतात. जोडल्याचं लेखी घे. लेखी येईपर्यंत पिवळीला हात लावू नकोस.

पॉलिसीची धारक तूच, त्यामुळे पाच मिनिटांचं काम आहे. माझा भाऊ, आपला मुंगळा, गेला त्याच महिन्यात तू नाव बदलून घेतलंस ते किती बरं केलंस. तेव्हा मी मागे लागले म्हणून रागावली होतीस. आता कळलं ना, नणंद उगाच बडबडत नव्हती?

तुझी वन्सं


१० मार्च

वन्सं,

पत्र मिळालं. अर्ध्या दाढीवाल्याचं वाचून एकटीच हसले. शेजारणीने भिंतीवर टकटक केली.

पिवळी मोठी गमतीची आहे. आधीच्या कुणीतरी सीट इतकी पुढे ओढली होती की माझे गुडघे हनुवटीला लागले. आरसा आभाळाकडे. कप्प्यात गोळीचा कागद आणि लहान मुलाचा एक मोजा. रेडिओवर बातम्याच बातम्या. आपल्या गाडीत बसलं की कुणाची गाडी हे विचारावं लागत नाही. या पिवळीत मात्र दर वेळी वाटतं, कुणीतरी येऊन "उतरा" म्हणेल. हॉस्पिटलच्या चादरीवाल्या बाईंनी विचारलं, "नवी घेतली?" मी म्हटलं, "पाहुणी आहे."

फोन लावला होता. वाट बघताना ते लोक जे गाणं वाजवतात ते छान आहे.

आता एक वेगळंच विचारायचं आहे. माझं नाही, एका गिऱ्हाइकाचं. पॉलिसी नवऱ्याच्या नावावर आहे आणि गाडी बायको चालवते. नवरा गावी नाही. बऱ्याच दिवसांपासून. तिकडे फोनही लागत नाही. पण जाण्याआधी तो चार माणसांदेखत म्हणाला होता, "आता गाडी तूच चालव." तिच्या पॉलिसीत दुसऱ्या पानावर सातवी अट आहे, "धारकाच्या संमतीने चालवणारी व्यक्ती". म्हणजे तिला संमती आहे. ही संमती किती दिवस टिकते? औषधाच्या बाटलीवर असते तशी मुदत कुठे लिहिलेली नाही. मी दोनदा पाहिलं. त्याने दिली, आणि परत काही मागे घेतली नाही. मग ती आहेच ना?

उत्तर सावकाश द्या. तिला घाई नाही.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

तिला घाई नसेल, मला आहे. हे प्रकरण वाचून माझं डोकं तापलं.

हा कसला नवरा? बायकोच्या हातात किल्ली देऊन गेला तो गेलाच! ना पत्र, ना निरोप. पॉलिसी आपल्या नावावर ठेवून बसलाय, म्हणजे तिने प्रत्येक वेळी याच्या नावाने हात जोडायचे. असले मी टेबलापलीकडून पुष्कळ पाहिले आहेत. निर्लज्ज मेले. तिला सांग, कुठे असेल तिथून त्याला शोधून काढ आणि खडसाव. म्हणावं, येऊन सही कर, नाहीतर नाव तरी काढून दे.

आता संमतीचं. मुदत लिहिलेली नसते कारण लिहायची गरज नसते. आज "चालव" म्हणणारा उद्या "नको चालवू" म्हणू शकतो, तोवरच संमती. जिला मागे घेणारा कोणी हजर नाही, तिला कचेरी संमती धरत नाही. ती नुसती सवय. बाईला वाईट वाटेल, पण असंच सांग.

आणखी एक. पॉलिसी दर वर्षी नवी करताना "तपशिलात काही बदल?" असं विचारतात. तिथे तिने काय लिहिलं ते विचार. खरं लपवलं असेल तर बाकी सगळा कागद पाण्यात. अपघात झाल्यावर पहिली तीच जागा उघडून बघतात. मी स्वतः बघायची.

तुझ्या पिवळीचं लेखी आलं का? ते तू लिहिलंच नाहीस. गाणं छान आहे म्हणजे काय?

वन्सं


१७ मार्च

वन्सं,

तुम्ही ज्याला खडसावलंत तो तुमचा भाऊ.

पत्र बाजूला ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा. पुढचं सगळं खरं लिहिते आहे.

नाव मी बदललं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही विचारलंत, मी "बदललं" म्हटलं, आणि ते धडधडीत खोटं होतं. तेव्हा रोज एक कागद यायचा. बँकेचा, वीज कचेरीचा, घराच्या कराचा. प्रत्येक ठिकाणी जायचं, दाखला दाखवायचा आणि समोरचा माणूस ह्यांच्या नावावर आडवी रेघ मारायचा. एकाने तर पट्टी ठेवून मारली, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून. विम्याचा कागद शेवटचा उरला होता. तो मी फळीवर ठेवून दिला.

पॉलिसीचं वर्ष संपल्यावर पाकीट आलं. वर ह्यांचं नाव छापलेलं. तोवर ह्यांच्या नावाने घरात येणारं बाकी सगळं बंद झालं होतं. आत ती तुम्ही म्हणता तीच ओळ, "तपशिलात काही बदल?" मी "नाही"वर खूण केली. गेल्या वर्षी पुन्हा केली. हात थरथरला असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण नाही थरथरला. नंतर पेन पुसून ठेवलं आणि भाजी चिरायला बसले.

तुमचं पहिलं पत्र आल्यावर फोन केला होता. एक मुलगी होती, गोड बोलणारी. पिवळीचा नंबर घेतला, तारखा घेतल्या, आणि म्हणाली, "आता साहेबांना फोन द्या हं, पॉलिसी त्यांची आहे ना, त्यांच्या तोंडून हो आलं की झालं."

मी म्हटलं, "ते बाहेर गेलेत."

"केव्हापर्यंत येतील?"

"सांगता येत नाही."

"ठीक आहे, आले की करायला सांगा," म्हणाली आणि ठेवला.

त्यानंतर मी पिवळी चालवली, वन्सं. चार दिवस. सातवी अट वाचून मनाशी म्हणायची, ह्यांची संमती आहे. हॉस्पिटलच्या त्या खोलीत झोपून ह्यांनी म्हटलंच होतं, तुम्हीही होतात तिथे. पण तुमचं दुसरं पत्र आलं, त्यात "सवय" हा शब्द वाचला, आणि किल्ली मिस्त्रीला परत देऊन आले. "आवडली नाही का गाडी?" विचारत होता. म्हटलं, "गाडी चांगली आहे, मीच बरोबर नाही."

आता हलकी पेटी घेऊन बसने जाते. सुया, बॉबिन, पट्टे एवढंच होतं. गणवेशाच्या कारखान्यात चार मशीन बंद आहेत, त्यांची मुंडकी घरी आणल्याशिवाय होणार नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत थांबते, मग मला दुसरा बघावा लागेल." त्यांचंही खरं आहे.

ट्रकवाल्याचा विमा माझ्या गाडीचं दार भरून देणार की माझ्या खोटेपणामुळे तेही जाणार? मला पुढे गाडी चालवता येणार आहे की नाही? आणि तुम्ही माझ्याशी बोलणार आहात की नाही? या तिन्हीची उत्तरं हवी आहेत. शेवटच्याचं आधी द्या.

धाकटी


२० मार्च

धाकटे,

बोलणार आहे.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की चष्मा काढून फेकला, मग तोच शोधत बसले. मला फसवलंस त्याचा राग कमी. माझ्याच धंद्यात फसवलंस त्याचा जास्त. एकतीस वर्षं लोकांची खोटी पकडली आणि घरातलं एक दोन वर्षं दिसलं नाही. आणि मी मुंगळ्याला निर्लज्ज म्हटलं! असू दे. लहानपणी रोज म्हणायची, त्याने कधी मनावर घेतलं नाही.

दुसरं. ट्रकने उभ्या गाडीला धडक दिली, चूक त्याची, तेव्हा दार त्याच्याच विम्यातून व्हायला हवं. तुझ्या पॉलिसीशी त्याचा संबंध नाही. फक्त गाडी आता वारस म्हणून तुझी आहे हे दाखवावं लागेल.

तिसरं. खोटा धीर देत नाही. ते जुनी पॉलिसी रद्द धरतील. नवी देतील की नाही हे वरच्या अधिकाऱ्यावर. खरं सांगायला आपणहून आलेलं माणूस आणि अपघातानंतर पकडलेलं माणूस यांत फरक करतात. निदान मी करायची. दाखला, लग्नाचा कागद, गाडीचे कागद आणि दोन्ही वर्षांच्या त्या खुणा केलेल्या प्रती घेऊन स्वतः जा. फोन नको. त्या मुलीला पुन्हा "बाहेर गेलेत" म्हणशील.

सोबत अर्ज लिहून पाठवते आहे. त्यात एक ओळ मोकळी आहे, ती तू भर. माझे पती अमुक तारखेला वारले, एवढीच. मी लिहिली होती, मग खोडली, पुन्हा कागद घेतला, पुन्हा तिथेच अडले. आयुष्यभर लोकांना सांगत आले, "ही ओळ इथे लिहा, अक्षर स्वच्छ काढा." पुढच्या माणसाला एवढा वेळ का लागतो म्हणून मनात चरफडायचीसुद्धा.

वन्सं


३१ मार्च

वन्सं,

ओळ भरली. अक्षर स्वच्छ आलं.

कचेरीत खिडकीशी जी मुलगी होती तिने माझा आवाज ऐकला आणि मान वर केली. "तुम्हीच ना, साहेब बाहेर गेलेत म्हणणाऱ्या?" मी तिच्यापुढे दाखला ठेवला. तिने वाचला. तारीख दोनदा वाचली. मग उठून मला खुर्ची आणून दिली, तिथे गिऱ्हाइकांना खुर्ची नसते.

आणखी एक फॉर्म निघाला. त्यात चौकट होती, "कळवण्यास विलंब होण्याचे कारण". मुलगी हळूच म्हणाली, "'नजरचुकीने' लिहा काकू. सगळे तेच लिहितात, कोणी विचारत नाही."

म्हटलं, "नजर चुकली नव्हती गं. नीट बघून केलं."

"अहो पण तसं लिहिलंत तर कागद वर जाईल. नाही म्हणाले तर?"

"दोनदा खोटी खूण केली आहे. तिसरी करायला इतक्या लांब बसने कशाला येऊ?"

मी लिहिलं, "माहीत असून कळवले नाही." चौकट मोठी होती, पुष्कळ जागा उरली. तिने कपाळाला हात लावला आणि शिक्का मारला.

सहा दिवस काही नाही. म्हणून तुम्हाला पत्र लिहिलं नाही, लिहायला काही नव्हतं. रोज बस, रोज पेटी. कारखान्याच्या मालकीणबाईंनी भिंतीवरच्या तारखेकडे बोट दाखवलं. सातव्या दिवशी अधिकाऱ्याने बोलावलं. चष्मा नाकावर, तुमच्यासारखाच. त्याने फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नोकरीत पंचवीस वर्षं झाली, हे उत्तर पहिल्यांदा वाचतोय." मग सांगितलं, जुनी पॉलिसी हे गेले त्या दिवसापासून रद्द. नवी माझ्या नावाने, आजपासून, धंद्याच्या वापरासकट. पिवळी त्यातच जोडून दिली, लेखी. जुन्या वर्षांची सवलत गेली. मी जाऊ दे म्हटलं.

बाहेर पायरीवर बसून सगळा कागद वाचला. एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून तुम्हाला विचारते. म्हणजे ती दोन वर्षं माझ्यावर काहीच नव्हतं. पावसात, घाटात, हॉस्पिटलच्या उतारावर, मी पार उघड्यावर होते. आणि त्या सगळ्या काळात मला ऊब वाटत होती, ती कशाची?

परवा मिस्त्रीकडून किल्ली पुन्हा घेतली आणि चारही मुंडकी पिवळीत घालून घरी आणली. दोन झाली आहेत. तिसऱ्याचा हुक झिजलाय. मालकीणबाईंनी पुढच्या महिन्याचीही तारीख दिली.

नव्या पॉलिसीत आणखी एक रकाना आहे, "दुसरा चालक". जुन्यात तिथे मी होते. मुलगी म्हणाली, एकट्या असाल तर मोकळा ठेवा. मला मोकळा ठेववेना. तुम्हाला न विचारता तुमचं नाव घातलं. कायम नसेल व्हायचं तर नाही म्हणा, पण आता तुम्हाला येऊन लायसन्स दाखवावं लागेल. सात वर्षं गाडी चालवली नाही म्हणता, तर मैदानावर शिकवीन. मी कोणावर ओरडत नाही.

तुमची,
धाकटी


३ एप्रिल

धाकटे,

न विचारता नाव घालणं हा गुन्हा आहे. मंगळवारी सकाळच्या बसने येते.

तू उबेचं विचारतेस. आमच्याकडे तसा रकाना नव्हता.

लायसन्स शोधायला सगळी कपाटं उपसली. सापडलं, मुदत अजून दीड वर्ष आहे. त्यावरचा फोटो इतक्या वर्षांत मी नीट पाहिलाच नव्हता, फोटो वाईट येतात म्हणून. काल खिडकीशी नेऊन पाहिला. केस मागे बांधलेले, कपाळ मोठं, आणि फोटोवाल्याने हसू नका म्हटल्यावर हसू दाबताना होतं तसं तोंड. धाकटे, मी मुंगळ्यासारखी दिसते. हुबेहूब. तुला हे माहीत होतं का?

होतंच असणार. आल्यावर सांग.

वन्सं